तारेभोवतीच्या आवरणाचा शोध : मायकेल फॅरडे

रावेर-यावलच्या केळीच्या बागांत ओळीने पसरलेली ठिबकची काळी नळी आणि गच्चीवरच्या डिशपासून टीव्हीपर्यंत येणारी केबल, या दोन वस्तूंचे काही नाते असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. केबलचे टोक सोलून पाहिले, तर मधोमध एक चकचकीत तार आणि तिच्याभोवती पांढरा, फुगवलेला, नखाने दाबला तर दबणारा थर दिसतो. तो थर आणि ठिबकची नळी एकाच पॉलिमरच्या, म्हणजे पॉलिइथिलीनच्या घराण्यातल्या. नळी पाणी नेते. थर मात्र काहीच करत नाही, तो फक्त तार झाकतो, असे आपण धरून चालतो. ही समजूत फार जुनी आहे. ती मोडली १८३७ मध्ये, लंडनमधल्या एका तळघरातल्या प्रयोगशाळेत. मोडणारा माणूस लोहाराचा मुलगा होता आणि त्याचे शालेय शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरतेच झाले होते.

मायकेल फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडिलांची प्रकृती धड नसे, त्यामुळे भट्टी रोज पेटेलच याची खात्री नव्हती. १८०१ च्या महागाईत मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो सात दिवस पुरवावा लागे. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला. पुढच्या वर्षी तिथेच सात वर्षांच्या करारावर पुस्तकबांधणी शिकू लागला. बांधायला आलेली पुस्तके तो बांधण्याआधी वाचून काढी. एका ज्ञानकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या लेखिकेचे रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तक यांनी त्याला झपाटून टाकले. खिशातल्या चार पैशांत बाटल्या-तारा जमवून त्याने घर्षणाने वीज निर्माण करणारे छोटे यंत्र केले, आणि ती साठवायला लेडन जारही. लेडन जार म्हणजे आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेली काचेची बरणी. ही बरणी लक्षात ठेवलेली बरी. या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने टिपणे काढली, आकृत्यांसह स्वच्छ लिहिली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीकडे पाठवून दिली. पुढे प्रयोगशाळेतल्या एका साहाय्यकाला मारामारीवरून काढावे लागले, तेव्हा डेव्हीला हा बाइंडर आठवला. मार्च १८१३ मध्ये फॅरडे तिथे कामाला लागला. पगार बेताचा, राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या, शेकायला कोळसा आणि उजेडाला मेणबत्त्या. ती संस्था त्याने जवळजवळ आयुष्यभर सोडली नाही.

फॅरडे म्हटले की सगळ्यांना वीजशास्त्रज्ञ आठवतो. पण पहिली वीस वर्षे तो मुख्यतः रसायनशास्त्रज्ञ होता, आणि आजच्या उच्च वारंवारतेच्या इलेक्ट्रॉनिक्सचे धागे त्याच काळात जाऊन भिडतात. १८२० च्या सुमारास त्याने कार्बन आणि क्लोरीनची दोन नवी संयुगे तयार केली. त्यांतल्या एकात दोन कार्बन आणि चार क्लोरीन. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगमध्ये ते पुढे दीर्घकाळ वापरले गेले. त्याच सांगाड्यात क्लोरीनच्या जागी फ्लोरीन बसवले की जो वायू मिळतो, तो १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेटच्या सिलिंडरमध्ये आपोआप जुळून पांढरी भुकटी झाला. तेच टेफ्लॉन. १८२५ मध्ये फॅरडेने दिव्याच्या वायूच्या तेलकट अवशेषातून बेंझिन वेगळे केले. १८२६ मध्ये त्याने रबराचे पृथक्करण केले आणि त्यात फक्त कार्बन आणि हायड्रोजन असून त्यांचे प्रमाण पाचास आठ असल्याचे दाखवले. पॉलिमर ही कल्पना त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

१८३१ मध्ये लोखंडी कडीवर दोन वेटोळी गुंडाळून त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधले. ते प्रत्येक शालेय पुस्तकात आहे, म्हणून इथे थांबायला नको. एवढेच नोंदवावे की वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून त्याने त्यांच्यात सुतळी आणि सुती कापड घातले होते. प्लास्टिक नव्हते, कापूस होता.

त्यानंतर सहा वर्षांनी तो त्या कापडाकडे, म्हणजे तारेऐवजी तिच्याभोवतीच्या पदार्थाकडे वळला. त्या काळी प्रचलित मत असे होते की दोन विद्युतभारित वस्तू एकमेकींना दुरूनच ओढतात किंवा ढकलतात आणि मधल्या काच, हवा, मेण यांना त्यात काही काम नसते. फॅरडेला हे पटत नव्हते. गणित त्याला येत नव्हते, त्यामुळे कागदावर वाद घालणे शक्य नव्हते. त्याने पितळेची दोन अगदी सारखी उपकरणे करवून घेतली. प्रत्येकात एका पोकळ गोळ्याच्या मधोमध दुसरा लहान गोळा टांगलेला, आणि दोघांत मोकळी जागा. थोडक्यात, दोन गोल लेडन जारच. दोन्हींत हवा असताना एकाला वीज दिली आणि तो दुसऱ्याला जोडला, तर वीज निम्मी-निम्मी वाटली गेली. मग एका उपकरणाच्या मोकळ्या जागेत, खालच्या अर्ध्या भागात, त्याने शेलॅकची ओतीव वाटी बसवली. शेलॅक म्हणजे आपली लाख. बांगड्यांची, पळसा-बोरीच्या फांद्यांवर किडे तयार करतात ती. युरोपात ती भारतातूनच जाई. आता वाटणी सारखी होईना. लाखेच्या उपकरणात जास्त वीज सामावू लागली.

हिशेब केल्यावर लाख हवेच्या जवळजवळ दुप्पट निघाली, गंधक त्याहून किंचित पुढे. वेगवेगळे वायू घालून पाहिले, पण त्यांच्यात फरक सापडला नाही. इतका सूक्ष्म फरक त्या तराजूच्या आवाक्याबाहेर होता. व्हेवेल या मित्राच्या साहाय्याने त्याने अशा पदार्थांना डायइलेक्ट्रिक हे नाव दिले. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांना पराविद्युत म्हणतात. पोकळीच्या मानाने एखादा पदार्थ किती पट वीज सामावू देतो, तो आकडा म्हणजे आजचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट. हवेचा जवळजवळ एक, पॉलिइथिलीनचा सव्वादोन, पाण्याचा सुमारे ऐंशी.

गंमत अशी की हाच शोध हेन्री कॅव्हेंडिश या एकलकोंड्या श्रीमंताने त्याआधी साठेक वर्षे लावून ठेवला होता आणि कोणाला सांगितलाच नव्हता. त्याची टिपणे १८७९ मध्ये मॅक्सवेलने छापली. फॅरडेला ते कधीच कळले नाही.

त्याने काढलेला अर्थ आकड्यांहून मोठा होता. विद्युतरोधक पदार्थ स्वस्थ बसलेला नसतो. त्याच्या कणाकणांत ताण येतो आणि विजेचा परिणाम त्या ताणातून पुढे सरकतो, असे तो म्हणू लागला. गणिती मंडळींनी फारसे लक्ष दिले नाही. सूत्र नाही, समीकरण नाही, नुसत्या वाकड्या रेषांची चित्रे.

आणि नेमक्या याच वेळी त्याचे शरीर संपावर गेले. १८३९ च्या अखेरीपासून घेरी, डोकेदुखी, थकवा आणि सगळ्यांत जाचक म्हणजे विस्मरण. सकाळी केलेला प्रयोग दुपारी आठवेना. डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितले. १८४१ मध्ये पत्नी सारा त्याला स्वित्झर्लंडला घेऊन गेली. तिथे तो डोंगरांतून मैलोन्मैल चालत असे. पाय ठणठणीत होते, आठवण तेवढी दगा देत होती. त्या काळच्या प्रयोगशाळांत पारा उघड्यावर हाताळला जाई, म्हणून पाऱ्याच्या विषबाधेचा तर्क पुढे काहींनी केला. तो तर्कच आहे. फॅरडेने मात्र आपल्या दुबळ्या स्मृतीवर एक उपाय आधीपासून अंगी बाणवला होता. प्रयोगवहीतल्या प्रत्येक परिच्छेदाला तो अनुक्रमांक देई आणि मागचे संदर्भ क्रमांकाने शोधी. ते क्रमांक हजारोंच्या घरात गेले. १८४५ मध्ये परतून त्याने चुंबकाने प्रकाशाचे ध्रुवण फिरते हे दाखवले, ते या वह्यांच्या आधारावर.

मलायातून त्या सुमारास गटापर्चा नावाचा झाडाचा चीक इंग्लंडात येऊ लागला होता. गरम पाण्यात मऊ होतो, थंड झाला की कडक. रबराचाच भाऊबंद, तेच अणू, तेच प्रमाण, फक्त साखळीची मोड वेगळी. १८४८ मध्ये फॅरडेने नोंद प्रसिद्ध केली की गटापर्चा उत्तम विद्युतरोधक आहे. समुद्राखालच्या तारा शक्य झाल्या त्या या चिकामुळे. १८५१ मध्ये इंग्लंड-फ्रान्स केबल टिकली आणि कंपन्यांना पुढचे वेध लागले.

मग तक्रारी येऊ लागल्या. खांबांवरून हवेत नेलेली तार झटपट बोले. तीच तार गटापर्चात गुंडाळून पाण्यात घातली की संदेश उशिरा पोचे आणि पसरट होऊन पोचे. एक खूण दुसरीत मिसळे. कंपनीने शंभर मैल तार कालव्याच्या पाण्यात सोडली आणि फॅरडेला बोलावले. जानेवारी १८५४ मध्ये त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये याचे स्पष्टीकरण दिले. आत तांबे, मध्ये गटापर्चा, बाहेर पाणी : ही शंभर मैल लांबीची लेडन जारच आहे. संदेश पुढे जाण्याआधी ही बरणी भरावी लागते, आणि पुढची खूण पाठवण्याआधी रिकामी व्हावी लागते. सतरा वर्षांपूर्वी पितळी गोळ्यांत दिसलेली गोष्ट आता पैशांच्या भाषेत समोर आली होती. दर मिनिटाला किती शब्द जातील, हे तारेइतकेच तिच्याभोवतीचे आवरण ठरवत होते.

विल्यम थॉमसनने या कल्पनेला गणित दिले : लांबी दुप्पट झाली की विलंब चौपट. अटलांटिक केबलचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना ते मान्य नव्हते. पेशाने ते शल्यवैद्य. १८५८ मध्ये केबल पडली, राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे सोळा तास लागले. व्हाइटहाउस यांनी विजेचा दाब वाढवून पाहिला आणि काही आठवड्यांत केबल मुकी झाली.

आज हा खेळ अटलांटिकऐवजी मिलिमीटरभर जागेत चालतो, पण नियम तोच आहे. मोबाइलच्या ५जी सेवेत लहरी सेकंदाला साडेतीन अब्ज वेळा उलटसुलट होतात. पुढचे पट्टे सव्वीस अब्जांवर आहेत. सर्किट बोर्डावर तांब्याच्या रेषा ज्या थरावर बसतात, त्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट जास्त असेल तर सिग्नल मंदावतो आणि शेजारच्या रेषेत पाझरतो. पॉलिइथिलीनच्या केबलमध्ये सिग्नलचा वेग प्रकाशाच्या दोन-तृतीयांश असतो; साध्या काचतंतू-इपॉक्सी बोर्डावर निम्म्याच्या आसपास. दुसरा त्रास उष्णतेचा. रेणूत विजेची दोन टोके असतील, तर प्रत्येक लहरीबरोबर ती टोके वळायला धडपडतात आणि सिग्नलची ऊर्जा उष्णतेत जाते. पीव्हीसीचे तसेच होते, कारण त्याच्या साखळीत क्लोरीन एका बाजूला लोंबतो. जळगावची पीव्हीसी पाइप पाण्यासाठी अप्रतिम; उच्च वारंवारतेच्या केबलच्या गाभ्यात तिचा काही उपयोग नाही. उलट रेनकोटचे तुकडे जोडताना हाच दोष कामी येतो : उच्च वारंवारतेची वीज सोडली की पीव्हीसी आतून तापते आणि शिवण न घालता सांधली जाते.

म्हणून रसायनशास्त्रज्ञ नवे पॉलिमर आखताना आधी रेणूचा समतोल पाहतात. पॉलिइथिलीनमध्ये टोकेच नाहीत. टेफ्लॉनमध्ये फ्लोरीन आहे, पण तो साखळीभोवती सगळीकडून सारखा बसलेला, आणि आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवणारा, म्हणून आकडा २.१ वर येतो. मात्र टेफ्लॉनवर तांबे चिकटत नाही, तापमानाने ते बरेच फुगते, आणि ते बनवताना वापरलेली काही फ्लोरीनयुक्त रसायने पाण्यात आणि माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षे राहतात असे आढळल्याने आता फ्लोरीनशिवायच्या वाटा शोधणे चालू आहे. रेणूला आडदांड फांद्या लावल्या की साखळ्या दाटीने बसत नाहीत, मध्ये पोकळ्या राहतात. सर्वांत स्वस्त डायइलेक्ट्रिक हवा; ती थरात कोंडायची. डिशच्या केबलमधला पांढरा थर फुगवलेला असतो तो याचसाठी. पण पोकळी वाढवली की थर ठिसूळ होतो, आणि छिद्रांत दमट हवा शिरली तर सगळेच मुसळ केरात, कारण पाण्याचा आकडा ऐंशी.

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील इलेक्ट्रॉनिक्स विभागात चिपसाठी अशाच सच्छिद्र पातळ थरांवर संशोधन झाले आहे. ते थर सिलिकेचे, पॉलिमरचे नव्हेत. नेहमीच्या सिलिकेचा आकडा ३.९. द्रावणातून थर चढवून त्यात अतिसूक्ष्म छिद्रे ठेवायची आणि आकडा खाली आणायचा, ही त्यामागची युक्ती. पाण्याच्या त्या ऐंशीचा उपयोग शेतातही होतो. जमिनीत खोचायचे ओलावामापक मातीचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटच मोजतात. कोरड्या मातीचा तो तीन ते पाचच्या घरात असतो, ओल वाढली की झपाट्याने चढतो, आणि ठिबक केव्हा चालू करायचे ते कळते.

फॅरडेने यातले काही पाहिले नाही. सर ही पदवी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. १८५८ मध्ये राणीने त्याला हॅम्प्टन कोर्टजवळ राहायला घर दिले. नाताळात मुलांसाठी मेणबत्तीवर दिलेली त्याची व्याख्याने १८६०-६१ ची. त्यानंतर विस्मरणाने त्याला पुरते घेरले. पत्र लिहायला घ्यायचा आणि शब्द सापडत नसत. तरुण मॅक्सवेलने त्याच्या वाकड्या रेषांना समीकरणांत बसवले, त्यातून प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर असल्याचे निघाले, आणि ज्या गणिती मंडळींनी दुर्लक्ष केले होते त्यांना वळून पाहावे लागले. तोवर हे सारे समजून घेण्याची म्हाताऱ्याची शक्ती ओसरली होती. १८६६ मध्ये नवी अटलांटिक केबल यशस्वी झाली. जाड तांबे आणि जाड गटापर्चा, थॉमसनच्या हिशेबाबरहुकूम. पुढच्या वर्षी, २५ ऑगस्ट १८६७ रोजी, फॅरडे अभ्यासिकेतल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हायगेटच्या दफनभूमीत साध्या दगडाखाली त्याला पुरले. तीन वर्षांनी, १८७० मध्ये, गटापर्चात गुंडाळलेल्या केबलने मुंबई आणि एडन जोडले गेले.

वीज साठवण्याच्या क्षमतेचे एकक ठरवताना त्याच्या नावावरून फॅरड हा शब्द घेतला गेला. १८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेने तो सर्व देशांसाठी मान्य केला. एक फॅरड इतका मोठा असतो की घरगुती कामात त्याचा दशलक्षांश, म्हणजे मायक्रोफॅरड, पुरतो. मे महिन्यात धुळ्या-जळगावचा पारा पंचेचाळिशीकडे जातो आणि घरातला पंखा नेमका तेव्हाच मंद फिरू लागतो. वायरमन येतो, वरचा कप उतरवतो आणि अडीचचा कंडेन्सर बदलतो. त्या पांढऱ्या डबीत धातूचा मुलामा दिलेल्या पॉलिप्रॉपिलीनची पातळ फिल्म गुंडाळलेली असते. जळगावच्या चटया विणतात ते हेच प्लास्टिक. डबीवर अडीचच्या पुढे दोन बारीक अक्षरे छापलेली असतात. त्यांतले दुसरे फॅरडेचे.